जलमापन, बीड जिल्ह्यातील
पाण्याची खोली, साठा, प्रवाह व वाटा मोजण्याची देशी, ब्रिटिश व दशमान अशी तिन्ही प्रकारची मापे बीड जिल्ह्यात एकाच वेळी रूढ आहेत. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या जिल्ह्यात हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही. आपल्या वाट्याला किती पाणी आले, हे शेतकऱ्याला समजणे वा न समजणे त्यावर अवलंबून असते.

विहिरीची खोली पूर्वी परसात सांगत. हात वर करून उभ्या राहिलेल्या पुरुषाची उंची म्हणजे परस. खलाशी समुद्राची खोली ज्या वावेने मोजत, ती पसरलेल्या दोन हातांची लांबी. दोन्ही मापे माणसाच्या देहावरून घेतलेली, म्हणून माणसागणिक थोडी बदलणारी. सामाईक विहिरीतील पाणी पाळीने आणि हिस्सा आण्यांत ठरे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तरी ‘विहिरीत चार आणे हिस्सा’ हा प्रयोग टिकून राहिला. पिकांच्या आणेवारीला शासकीय कागदपत्रांत पैसेवारी म्हणतात. बोलण्यात मात्र ती आणेवारीच आहे.

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील अभियंत्यांची मापे फूट, एकर व घनफूट ही ब्रिटिश पद्धतीची होती. १९५६ च्या वजनमापे प्रमाण अधिनियमानंतर बाजारातील शेर व मण काही वर्षांतच कायद्याने बाद झाले, कारण दुकानातील वजनावर शिक्का मारता येतो आणि निरीक्षकाला ते जप्त करता येते. नदीच्या बाबतीत अशी सोय नव्हती.

याचे ठळक उदाहरण म्हणजे गोदावरीवरील पैठणचे जायकवाडी धरण. त्याचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून माजलगावकडे जातो. धरणाची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजेच ४६३.९०६ मी. आहे. मूळचा पूर्णांक फुटांचा असून मीटरचा आकडा त्याचे केवळ भाषांतर होय. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे सु. १०२.७ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. उपयुक्त साठा २,१७१ दलघमी आहे. सिंदफणेवरील माजलगाव धरणाचा एकूण साठा ४५४ दलघमी म्हणजे सु. १६ टीएमसी भरतो. एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी, त्यामुळे ‘पाच’ हा आकडा एककाविना छापला गेल्यास अर्थात अठ्ठावीसपटींचा फरक पडतो.

क्युसेक (दर सेकंदाला एक घनफूट) टिकून राहण्यामागे मात्र निव्वळ सवय नाही. एक क्युसेक प्रवाह तासभर चालला, तर ३,६०० घनफूट पाणी मिळते. एका एकरावर एक इंच पाणी उभे करण्यास ३,६३० घनफूट लागतात. हा जवळजवळ तंतोतंत मेळ कालव्यावरील माणसाला तोंडी हिशेब करू देतो. हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा घनमीटर, हा दशमान हिशेबही तितकाच सोपा आहे. पण एकरात विचार करणाऱ्याला तो परका वाटतो.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमानंतर पाणीवाटपाला कायदेशीर धार आली. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने, १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास नाशिक व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची तरतूद केली. विसर्ग क्युसेकमध्ये, मागणी टीएमसीमध्ये आणि धरणात जमा झालेले पाणी दलघमीमध्ये सांगितले जाते. ११,५७४ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला, तर एक टीएमसी होतो. हे गणित ठाऊक नसणाऱ्याला वाटेतील घट किती आणि हिशेबातील घोळ किती, हे वेगळे काढता येत नाही. गोदावरी जलविवाद लवादाच्या १९८० च्या निवाड्यातील वाटपही घनफुटांतच असल्याने हे माप सहजी जाणार नाही.

भूजलाची स्थिती याहून संदिग्ध आहे. विंधन विहिरीची खोली फुटांत, पंपाची शक्ती अश्वशक्तीत आणि लागलेले पाणी ‘दोन इंची’ असे सांगतात. हा इंच धारेच्या जाडीचा असतो. वेग कळल्याशिवाय त्यातून तासाला किती लिटर पाणी मिळते, हे निघत नाही. तरीही बोअर घेण्याचा, प्रसंगी त्यासाठी कर्ज काढण्याचा निर्णय शेजारच्या शेतातील याच आकड्यावर घेतला जातो. उन्हाळ्यात त्याच गावात टँकर येतो, तेव्हा त्याची नोंद लिटरमध्ये होते व वाटप घागरींनी.