दारुश्शिफा ते विष्णुपुरी

मराठवाड्यातील मुसलमानांचा इतिहास लिहायला बसलो की आपली लेखणी किल्ले, दर्गे, लढाया आणि 1948ची पोलीस कारवाई यांच्याभोवतीच फिरते. या मुलखातला माणूस आजारी पडला तर कुठे जात होता, त्याला औषध कोण देत होते आणि त्या औषधाचा पैसा कुठून येत होता, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वास्तविक सामान्य माणसाच्या दृष्टीने कोणत्याही राजवटीची खरी परीक्षा इथेच होते.

लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून बिदर आहे. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा दुसरा (1436–1458) याने तिथे दारुश्शिफा म्हणजे रुग्णालय उभारले, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. तिथे मुसलमान हकीम होते, तसेच हिंदू वैद्यही होते. रुग्णांच्या औषधपाण्यासाठी आणि अन्नासाठी सुलतानाने काही गावांचा महसूल कायमचा लावून दिला होता. हकीम आणि वैद्य एकाच छताखाली होते याचे कौतुक आपण करतोच. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती महसुलाची तरतूद. इमारत एकदाच बांधावी लागते, औषध मात्र रोज लागते. हे त्या कारभाऱ्यांना ठाऊक होते.

ही समज इस्लामी जगात जुनीच होती. कैरो येथे सुलतान कलावून याने 1284मध्ये उभारलेल्या रुग्णालयाच्या वक्फनाम्यात रुग्णांना उन्हाळ्यात पंखे द्यावेत, अन्न झाकून द्यावे, एकाचे भांडे दुसऱ्याला देऊ नये, अशा बारीकसारीक अटी आहेत. आज आपण ज्याला व्यवस्थापन आणि गुणवत्ता म्हणतो, ते याहून फार वेगळे नाही.

निजामाच्या काळात नांदेड आणि लातूरच्या माणसासाठी मोठा इलाज म्हणजे हैदराबाद. 1908च्या मुसी नदीच्या महापुरात तिथले अफझलगंजचे रुग्णालय वाहून गेले आणि पुढे मीर उस्मान अलीखान यांच्या काळात उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. पण ती होती राजधानीत; जिल्ह्यांच्या वाट्याला प्रवासच आला. हे अंतर कमी व्हायला कित्येक दशके लागली. औरंगाबादला 1956मध्ये, नांदेडला 1988मध्ये आणि लातूरला 2002मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसे गाडली गेली, तेव्हा लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते.

त्या पहाटेला तीस वर्षे झाली त्याच सुमारास नांदेडचे नाव देशभर गेले. 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. अठ्ठेचाळीस तासांत हा आकडा 31वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि चर्चा मूळ प्रश्नावरून त्या झाडूकडे वळली.

मूळ प्रश्न काय होता? मंजूर खाटांपेक्षा रुग्ण कितीतरी जास्त होते. हिंगोली, परभणीपासून तेलंगणच्या सीमेपर्यंतची माणसे शेवटच्या घटकेला इथेच येतात. कर्मचाऱ्यांच्या बदल्यांमुळे मनुष्यबळ अपुरे पडल्याचे सांगितले गेले. औषधांचा तुटवडा आहे, असे आधी म्हटले गेले. मग तुटवडा नाही, असेही सांगण्यात आले. राज्याची औषधखरेदी 2017पासून हाफकिनकडे होती आणि 2023मध्ये त्यासाठी नवे प्राधिकरण कायद्याने स्थापन झाले. खरेदीचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हाती जात असताना वॉर्डातले बाळ थांबू शकत नाही. त्यातच जिल्हा रुग्णालय एका खात्याचे, महाविद्यालयाचे रुग्णालय दुसऱ्या खात्याचे. 15 ऑगस्ट 2023पासून मोफत उपचार सुरू झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. लेकराला उराशी धरून धावणाऱ्या आईला ही खाती कशी कळावीत?

आणखी एक विसंगती मनाला लागते. लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांतून दरवर्षी शेकडो मुले-मुली डॉक्टर व्हायला जातात. ‘लातूर पॅटर्न’चा आपल्याला अभिमान आहे. जी भूमी डॉक्टर घडवते, तिच्याच वॉर्डात रात्रपाळीला पुरेशा परिचारिका नसाव्यात!

जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. बिदरचा दारुश्शिफा सुलतानाच्या मर्जीवर होता. रुग्ण तिथे दान घ्यायला येई. आजचा रुग्ण हक्काने येतो. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्येच दिला आहे. पण हक्काच्या मागे महसूल लावलेला नसेल, तर तो कागदावरच राहतो.

आपला समाज खिदमतीत मागे नाही. ईदला रुग्णालयात फळे वाटली जातात, रक्तदान होते, मोहल्ल्यातून रुग्णवाहिका दिली जाते. हे पुण्याचे काम आहे, ते चालूच राहावे. मात्र फळे वाटून परत येताना आपण भांडारात या महिन्याची औषधे आली का, नवजात कक्षात एका परिचारिकेकडे किती बाळे आहेत, गेल्या महिन्यात किती दगावली आणि कशाने, असे प्रश्न विचारत नाही. रुग्ण कल्याण समित्यांवर आपली शिकलेली माणसे, विशेषतः आपल्या भगिनी, दिसायला हव्यात. हा हिशेब दर महिन्याला दर्शनी फलकावर लागावा, अशी मागणी सर्व समाजांनी मिळून करायला हवी.

विष्णुपुरीत गेलेल्या त्या बारा बाळांची जात किंवा मजहब कोणी विचारला नाही, विचारूही नये. उद्घाटनाच्या कोनशिलेवर कोणाचे नाव आहे, याला रुग्णाच्या लेखी किंमत नाही. रात्री दोन वाजता कपाटात औषध आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते. तेवढे ज्या दिवशी या मुलखात खात्रीने मिळेल, त्या दिवशी दारुश्शिफा हा शब्द इथे पुन्हा सार्थ होईल.