चष्म्याच्या नंबरची बेरीज

राजारामपुरीत गल्ल्यांनाही नंबर आहेत, पण पाचवी आणि सहावी मिळून अकरावी गल्ली होत नाही. चष्म्याचे नंबर मात्र खरोखर मिळवता येतात. डोळे तपासताना ट्रायल फ्रेममध्ये आधी +२ ची काच घातली आणि तिच्यापुढे +१ ची, की तुम्हाला +३ मधून दिसते.

ही सोय फार जुनी नाही. पूर्वी काचेचे नाभीय अंतर इंचांत सांगत, आणि अंतरांची अशी बेरीज होत नाही. ५० आणि १०० सेंटिमीटरची दोन पातळ बहिर्वक्र भिंगे चिकटवून ठेवली, तर जोडीचे नाभीय अंतर १५० नव्हे, ३३ च्या आसपास येते. पहिल्याने वळवलेला प्रकाश दुसरे आणखी वळवते ना! त्यात इंचही देशोदेशी वेगळा. १८७२ मध्ये फर्दिनां मोनोयेर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने डायॉप्टर सुचवला. १ ला मीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचे, की झाला नंबर.

तुमचा डोळाही भिंगांची जोडीच आहे. पुढचा कॉर्निया सुमारे ४३ डायॉप्टरचा, आतले भिंग साधारण २० चे. हे आतले भिंग गढूळ झाले, की तो मोतीबिंदू. शेजारच्या मिरजेत विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झाले, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी ते नावाजले. त्या काळी जगभर गढूळ भिंग काढून टाकत, आत दुसरे बसवत नसत. मग रुग्णाला +१० च्या आसपासचा जाड चष्मा.

२० गेले, तर १० कसे पुरतात? साधी बेरीज चिकटलेल्या पातळ भिंगांची. चष्मा डोळ्याच्या पुढे, मागच्या पडद्यापासून लांब असतो, म्हणून कमी नंबर पुरतो. पण त्याने सगळे जवळपास पाव पटीने मोठे दिसे. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झालेल्याला दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळवता येत नसत. जिना उतरणेही अवघड.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यातच प्लास्टिकचे भिंग बसवले. नेत्रवैद्यकातले एवढे धाडस मला दुसरे आठवत नाही. आकार नैसर्गिक भिंगासारखा घेतला, पण प्लास्टिक प्रकाश जास्त वळवते, त्यामुळे त्या रुग्णाचा नंबर उणे १८ च्या आसपास गेला!

म्हणूनच आज ऑपरेशनआधी तुमच्या कॉर्नियाची गोलाई आणि डोळ्याची लांबी मोजतात. लांबीत १ मिलिमीटरची चूक झाली, तरी चष्म्याचा नंबर सुमारे अडीचने हुकतो. तंत्रज्ञ पुन्हा एकदा मोजू म्हणाला, तर हनुवटी परत टेकवा.