कोकणातील उत्पन्नविषमता

कोकणातील उत्पन्नविषमता म्हणजे महाराष्ट्राच्या कोकण विभागातील जिल्ह्याजिल्ह्यांमध्ये आणि एकाच जिल्ह्यातील निरनिराळ्या वर्गांमध्ये आढळणारी उत्पन्नातील तफावत. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे या विभागात येतात. मुंबई आणि रत्नागिरी एकत्र मोजल्यामुळे विभागाची सरासरी फुगते व दक्षिण कोकणाची खरी स्थिती तिच्याआड जाते.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत खोती पद्धत होती. खोत गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून त्याहून अधिक वसूल करी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. कातळ जमीन, लहान तुकडे आणि पावसावरचे एकच भातपीक यांमुळे कुळांच्या घरांतील पुरुष मुंबईच्या गिरण्यांकडे वळले. गावे त्यांच्या मनीऑर्डरीवर चालत. १९८२ च्या गिरणी संपानंतर हा आधार ढासळला.

मोजणीतील अडचणी

जिल्ह्याचे उत्पन्न ते जेथे निर्माण होते तेथे धरले जाते. त्यामुळे चाकरमान्याची मिळकत मुंबईच्या हिशेबात जमा होते, जरी तिच्यावर चूल रत्नागिरीत पेटत असली तरी. दुसरी अडचण लोकसंख्येची. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हे प्रमाण बव्हंशी पुरुषांच्या स्थलांतराचे फळ आहे, ते स्त्रियांच्या उन्नत स्थितीचे लक्षण मानणे भाबडेपणाचे ठरेल. माणसे कमी झाली की उत्पादन तेवढेच राहूनही दरडोई उत्पन्न वाढलेले दिसते.

विकसित देशांशी तुलना करतानाही सावधगिरी हवी. तेथे विषमता सामान्यतः जिनी गुणांकाने मोजतात; सर्वांचे उत्पन्न समान असल्यास तो शून्य, सारे एकाकडेच असल्यास एक. १९८० नंतर अमेरिका व ब्रिटनमध्ये हा गुणांक ठळकपणे वाढला, फ्रान्समध्ये त्या मानाने थोडाच. हे आकडे कर आणि सरकारी साहाय्य धरून काढलेल्या कुटुंबाच्या उत्पन्नाचे असतात. भारतात मात्र राष्ट्रीय नमुना पाहणीतील उपभोग खर्च हा दीर्घकाळ आधार राहिला आहे. श्रीमंत आपले सारे उत्पन्न खर्च करीत नाहीत, म्हणून खर्चावरून काढलेली विषमता कमी दिसते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही.

शासकीय प्रयत्न

वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचा अहवाल दिला. समितीने उत्पन्नाऐवजी रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा सोयी जिल्हावार मोजल्या आणि एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरवला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापन झाली. कोकणाला स्वतंत्र मंडळ मिळाले नाही. ते पश्चिम व उत्तर महाराष्ट्रासह 'उर्वरित' गणले गेले. विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला.

जिल्ह्यांतर्गत विषमता

रत्नागिरीत हापूस आंब्याचे बागाईतदार व यांत्रिक मच्छीमार नौकांचे मालक एका बाजूस, तर भूमिहीन मजूर आणि पारंपरिक मच्छीमार दुसऱ्या बाजूस आहेत. बागांची राखण व नौकांवरील खलाशीकाम यांसाठी नेपाळमधून मजूर येतात. हंगामापुरते येणारे हे मजूर जिल्ह्याच्या आकडेवारीत क्वचितच दिसतात.