स्टेंट आधी ओटीपोटात आला, मग हृदयात. मग किमतीला मर्यादा फक्त हृदयालाच का?



गेल्या वर्षी हनुमान रोडवर राहणाऱ्या आमच्या मामांना ओटीपोटात आणि जांघेत अचानक जोराची कळ आली, पाय गार पडला. आम्ही शहाण्यांनी ‘सायटिका’ ठरवून तेल चोळलं! सीटी अँजिओग्राफीत खरं कारण दिसलं. पायाकडे रक्त नेणाऱ्या इलियाक धमनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. याला डिसेक्शन म्हणतात. रक्त फटीतून अस्तरामागे शिरतं, खोटी वाट तयार होते आणि खरी दबते.

डॉक्टरांनी जांघेतून सुईवाटे बारीक तार खऱ्या वाटेत नेली आणि स्टेंट उघडून सुटलेलं अस्तर भिंतीला टेकवलं. पोट उघडावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मामा घरी.

हे कुणाला सुचलं असेल, म्हणून वाचत गेलो.

१९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि नळी वापरून धमनीत शिरायची पद्धत मांडली. १९६३ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर तपासणीसाठी नळी सरकवत होते, ती चुकून बंद पडलेल्या इलियाक धमनीतून आरपार गेली आणि वाट मोकळी झाली! पुढच्याच जानेवारीत त्यांनी पाय कापायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या आजींच्या मांडीतली धमनी मुद्दाम अशीच रुंद केली. पाय वाचला. सत्तरच्या दशकात ग्रुंटझिग यांनी फुगा आणला. मग पाल्माझ यांचा स्टेंट आला. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये आधी इलियाक धमनीसाठी मंजुरी मिळाली, हृदयासाठी १९९४ मध्ये.

म्हणजे हे तंत्र पाय आणि ओटीपोटाच्या धमन्यांत शिकून मग हृदयापर्यंत पोचलं.

आता आपल्याकडचं बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. साधा ७,२६० रुपये, औषधी लेप असलेला २९,६०० रुपये, वर कर. त्याआधी लेपवाल्याला लाखाच्या पुढे मोजावे लागत. निर्णय चांगलाच होता. पण तो फक्त हृदयाच्या स्टेंटपुरता. मामांच्या बिलात स्टेंटची ओळ वाचली तेव्हा मला हा फरक कळला.

ज्या धमनीमुळे स्टेंटला पहिली मंजुरी मिळाली, तिच्याच रुग्णाला संरक्षण नाही, हे बरोबर आहे का? मत मागायला येणाऱ्यांना हे विचारूया.

आणि एक लक्षात ठेवा. प्रत्येक डिसेक्शनला स्टेंट लागत नाही, काहींना रक्तदाबाची औषधं आणि देखरेख पुरते. पण अचानक कळ येऊन पाय गार किंवा पांढरा पडला, तर तेल चोळत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा. आमचं नशीब चांगलं होतं, सगळ्यांचं असेलच असं नाही.