दर ३१६ माणसांमागे एक

जुन्या सिनेमात क्षयरोगी ओळखणं फार सोपं असायचं. नायक खोकायचा, रुमाल तोंडाला लावायचा, रुमालावर लाल डाग दिसायचा, आणि थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही निदान कळायचं. खऱ्या देशात असे किती जण आहेत हे मोजायला निघालं, की पहिली अडचण हीच येते: रुमाल बहुतेकदा कोरडा असतो.

मग मोजायचं कसं? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे दवाखान्यांची रजिस्टरं गोळा करा आणि बेरीज मारा. पण रजिस्टर रोग मोजत नाही, ते दवाखाना मोजतं. जिथे दवाखाना नाही तिथे रोगही नाही, असं ते बिनदिक्कत सांगतं. भारतात क्षयाबद्दलचा एक मोठा गैरसमज यातूनच जन्मला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आर्थर लँकेस्टर नावाचे एक मिशनरी डॉक्टर याच कामासाठी देशभर फिरले. १९२० मध्ये त्यांचं भारतातल्या क्षयरोगावरचं पुस्तक आलं. कोंदट गल्ल्या, दाटीवाटीची घरं, पडद्याआड अंधारात दिवस काढणाऱ्या बायका, असं बरंच काही त्यात आहे. हातात मात्र मोजणी नव्हती. होती ती ठिकठिकाणच्या डॉक्टरांची मतं आणि स्वतःची निरीक्षणं. त्यातून उभं राहणारं चित्र असं की क्षय हा मुख्यतः शहरांचा रोग, आणि गिरणीतून, रेल्वेतून तो हळूहळू खेड्यांकडे सरकतो आहे. आपल्याकडेही हे पटण्यासारखंच होतं. मुंबईच्या चाळीत छाती बिघडलेला माणूस हवापालटासाठी गावी जातो, ही गोष्ट कोकणात कुणाला नवीन नव्हती. गावची हवा चांगली, हे तर आपण आजही म्हणतो.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात मोठे आकडे आले: संसर्ग पसरवणारे सुमारे २५ लाख रुग्ण, वर्षाला ५ लाख मृत्यू, आणि एवढ्या सगळ्यांसाठी देशभरात जेमतेम ६ हजार खाटा. खाटांचा आकडा मोजलेला होता. बाकीचे दोन अंदाज होते. स्वतंत्र देशाला क्षयासाठी आरोग्यव्यवस्था उभारायची होती आणि रुग्ण नेमके कुठे आहेत हेच ठाऊक नव्हतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागेल. क्षयाचा जंतू अंगात असणं आणि क्षयरोग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातावर ट्युबरक्युलिनची सुई टोचून दोन-तीन दिवसांनी सूज मोजली, की संसर्ग झालाय का ते कळतं. पण संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काहीही होत नाही. आजारी कोण हे ठरवायचं तर छातीचा फोटो आणि थुंकी दोन्ही तपासावं लागतं. आणि तेही दवाखान्यात आलेल्याचं नाही, घरी बसलेल्या, शेतात गेलेल्या, ठणठणीत दिसणाऱ्या प्रत्येकाचं.

हे शक्य झालं ते ब्राझीलमधल्या एका युक्तीमुळे. रिओ द जानेरोचे डॉक्टर मानुएल द अब्रेऊ यांनी १९३६ मध्ये छातीची मोठी महागडी फिल्म काढण्याऐवजी एक्स-रेच्या चमकत्या पडद्याचाच छोट्या फिल्मवर फोटो काढला. खर्च कोसळला, वेग वाढला. यंत्र गाडीत बसवलं की ते गावोगाव नेता येऊ लागलं.

दुसरी गरज होती नमुना निवडण्याच्या शास्त्राची, आणि त्यात भारत त्या वेळी जगाच्या पुढे होता. कलकत्त्यात महालनोबिस होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे पिकांच्या उत्पादनाचा अंदाज कसा काढावा यावर महालनोबिसांशी जाहीर वाद घालत होते. (सुखात्मेंचं नमुना सर्वेक्षणावरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक १९५४ चं. मराठी माणसाच्या अभिमानाच्या यादीत हे नाव क्वचितच दिसतं, याची मला गंमत वाटते.) भाताचं पीक मोजायचं तर प्रत्येक शेत कापावं लागत नाही, नीट निवडलेले थोडे तुकडे पुरतात.

पण क्षय म्हणजे भात नव्हे. समजा हजारात तीन रुग्ण आहेत. तुम्ही हजार माणसं तपासलीत आणि त्यातला एक रुग्ण नेमका त्या दिवशी बाजाराला गेला, तर तुमचं उत्तर एक तृतीयांशाने चुकलं. म्हणून लाखांत माणसं लागतात. शिवाय गैरहजर राहणारे कोण असतात? कामावर गेलेले पुरुष, आणि तपासणीलाच घाबरणारे. म्हणजे ज्यांच्यात रुग्ण असण्याची शक्यता जास्त, नेमके तेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात हे काम केलं. दिल्ली, कलकत्ता, पाटणा, हैदराबाद, मदनपल्ली आणि त्रिवेंद्रम अशी सहा केंद्रं धरून त्यांच्या परिसरातली शहरं, छोटी गावं आणि खेडी निवडली. पाच वर्षांवरचे जवळपास ३ लाख लोक तपासले गेले. छातीच्या फोटोवरून सक्रिय क्षय वाटावा असे लोक हजारी १३ ते २५ निघाले. थुंकीत जंतू सापडलेले हजारी २ ते ८.

खरा धक्का या आकड्यांत नव्हता. तो तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात होता. खेड्यांमधलं प्रमाण शहरांइतकंच होतं, म्हणजे मोकळ्या हवेतला शेतकरी आणि चाळीतला गिरणी कामगार यांत रोगाने फारसा भेद केलेला नव्हता. आणि देशातले शंभरातले ऐंशीहून अधिक लोक तेव्हा खेड्यात राहत होते. हिशेब सरळ आहे: बहुसंख्य क्षयरोगी खेड्यात होते, आणि जवळपास सगळी सॅनेटोरियमं, क्ष-किरण यंत्रं आणि तज्ज्ञ दुसरीकडे.

त्याच सुमारास, १९५९ मध्ये, मद्रासच्या प्रयोगातून दिसलं की घरी राहून गोळ्या घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांसारखेच बरे होतात. दोन्ही गोष्टी जुळल्या. बंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि १९६२ मध्ये जिल्हावार कार्यक्रम आला: वेगळी इस्पितळं न बांधता साध्या आरोग्य केंद्रातच थुंकी तपासा आणि औषध द्या.

पण खेड्यातला रुग्ण केंद्रापर्यंत येईल का? तो अडाणी आहे, त्याला आजार कळतच नाही, असं शहरी डॉक्टरांचं मत होतं. समाजशास्त्राकडे वळलेले डॉ. देबाबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन विचारलं. बहुतेकांना आपल्याला काहीतरी झालंय हे माहीत होतं. निम्म्याहून अधिक जण कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याची बाटली देऊन घरी पाठवलेलं होतं. १९६३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. माझ्या मते स्वातंत्र्योत्तर भारतातल्या सर्वात बोचऱ्या वैद्यकीय शोधनिबंधांत याची गणना व्हावी.

यानंतर देशपातळीवर अशी मोजणी पुन्हा व्हायला २०१९ उजाडलं. दक्षिण कोरियाने १९६५ ते १९९५ दर पाच वर्षांनी ती केली. आपण साठ वर्षं अंदाजावर चाललो. त्यातला एक प्रसिद्ध आडाखा कारेल स्टिब्लो या संशोधकाचा: दरवर्षी १ टक्का लोकांना नवा संसर्ग होत असेल, तर लाखामागे थुंकीत जंतू दिसणारे सुमारे ५० नवे रुग्ण. लहान मुलांच्या हातावरची सूज मोजून भारताचा संसर्गदर १.५ टक्का निघाला. दीड गुणिले पन्नास, ७५. सरकारी उद्दिष्टं बराच काळ या गुणाकारावर उभी होती.

खाजगी दवाखान्यांत काय चाललंय हे या गुणाकाराला दिसत नव्हतं. धारावीतल्या शंभरेक खाजगी डॉक्टरांना मुकुंद उपळेकर यांनी क्षयासाठी काय औषध देता असं विचारलं, तेव्हा ऐंशीच्या आसपास वेगवेगळ्या चिठ्ठ्या मिळाल्या. हा अभ्यास १९९१ चा. त्या डॉक्टरांकडचे रुग्ण कुठल्याच सरकारी वहीत नव्हते. खाजगी डॉक्टरांनी क्षयरुग्णाची नोंद कळवणं बंधनकारक झालं ते थेट २०१२ मध्ये. पुढे कुणीतरी शहाणपणाने रुग्ण मोजायचं सोडून औषधांची विक्री मोजली. २०१४ मध्ये खाजगी बाजारात खपलेली क्षयाची औषधं सरकारी कार्यक्रमातल्या औषधांच्या जवळपास दुप्पट निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या वार्षिक नव्या रुग्णांचा अंदाज २२ लाखांवरून २८ लाखांवर नेला. सहा लाख माणसं एका वर्षात आजारी पडली नव्हती. ती फक्त कागदावर आली.

अखेर २०१९ मध्ये डिजिटल एक्स-रे आणि जंतूचा जनुकीय माग काढणारी यंत्रं घेऊन गाड्या निघाल्या, कोविडमध्ये थांबल्या, पुन्हा निघाल्या आणि २०२१ मध्ये काम पुरं झालं. ६२५ ठिकाणं, पंधरा वर्षांवरचे ३ लाख २२ हजार लोक. म्हणजे एका ठिकाणी पाचशेच्या वर माणसं, आणि त्यात रुग्ण सरासरी एक किंवा दोन.

उत्तर आलं: लाखामागे ३१६. दिल्लीत ५३४, केरळात ११५. नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्यक्षात जवळपास तीन रुग्ण. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेही गेले नव्हते. म्हणजे तुमकूरचे शेतकरी या बाबतीत बरे. आणि सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के एक्स-रे काढला नसता तर निसटलेच असते, कारण त्यांना विचारण्यासारखं लक्षणच नव्हतं. १९५८ मध्ये रुग्ण निघाले ते कुणी न शोधलेल्या खेड्यात. या खेपेला न खोकणाऱ्या माणसात.

साठ वर्षांत क्षय कमी झाला का, असा प्रश्न साहजिकच येतो. तेव्हा थुंकीत जंतू असलेले हजारी २ ते ८, आता हजारी ३. पण तेव्हा पाच वर्षांची मुलंही मोजली होती, आता नाहीत. आणि आताच्या यंत्रांना तेव्हा निसटले असते असे जंतूही दिसतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात, वजाबाकी करता येत नाही. मधल्या काळात दर पाच वर्षांनी कुणी गाडी काढली असती तर करता आली असती.

लाखामागे ३१६ या आकड्यात एक योगायोग आहे: लाखाला ३१६ ने भागलं की पुन्हा ३१६ च येतात. म्हणजे दर ३१६ प्रौढांमागे एक. गर्दीच्या वेळी मुंबईच्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं असतात. राष्ट्रीय सरासरी तिथे लावली (मुंबईचं प्रमाण वेगळं असू शकतं, आणि हे सगळेच संसर्ग पसरवत असतील असंही नाही), तर एका गाडीत तेरा ते सोळा. त्यातले पाच-सहा जण खोकत नसतील.