उद्योजक हवा की अनुभवी? चार अर्थमंत्री, एक वसंतदादा आणि आपलं मत

निवडणूक जवळ आली की चौकात दोन प्रकारचे फलक लागतात. एकावर ‘यशस्वी उद्योजक’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘प्रदीर्घ अनुभव’. पहिल्याचे कार्यकर्ते सांगतात, साहेबांनी शून्यातून धंदा उभा केला, शहरही तसंच चालवतील. दुसऱ्याचे म्हणतात, भाऊंना फाईल कुठे अडते ते पाठ आहे, नवख्याची दोन वर्षं तर समजून घेण्यातच जातात. ऐकायला दोन्ही पटतं. म्हणून म्हटलं, आपल्याच इतिहासात याचं काही उत्तर मिळतं का बघूया. पोस्ट लांब आहे मंडळी, सवडीने वाचा.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत ही परीक्षा खरोखरच झाली आहे, आणि तीही थेट देशाच्या तिजोरीवर. थोड्या दिवसांपुरतं खातं सांभाळणारे सोडले, तर त्या काळात चार प्रमुख अर्थमंत्री झाले. चौघांच्या चार तऱ्हा.

पहिले आर. के. षण्मुखम चेट्टी. कोइम्बतूरच्या गिरणीमालक घराण्यातले. शिवाय कोचीन संस्थानचे दिवाण राहिलेले आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचं अध्यक्षपद भूषवलेले. म्हणजे फलक लावायचा झाला तर दोन्ही ओळी त्यांच्याच नावापुढे लागल्या असत्या. तरी १९४८ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. प्राप्तिकर चौकशीसाठी पाठवायच्या यादीतून काही उद्योगपतींची नावं वगळली गेली, यावरून वादळ उठलं होतं.

दुसरे डॉ. जॉन मथाई. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, नंतर टाटा समूहात संचालक, १९४४ च्या प्रसिद्ध ‘बॉम्बे प्लॅन’च्या कर्त्यांपैकी एक. त्यांनी १९५० साली पद सोडलं. नियोजन आयोग म्हणजे मंत्रिमंडळाला समांतर दुसरं मंत्रिमंडळच होऊ लागलंय, असा त्यांचा आक्षेप होता. खर्चावरचा अर्थखात्याचा लगाम सुटतोय, हीही तक्रार होती.

तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्म. मॅट्रिकला पहिले, पुढे आयसीएसच्या परीक्षेतही पहिले. मध्यप्रांतात आणि वऱ्हाडात अधिकारी म्हणून वर्षानुवर्षं काम. १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० साली अर्थमंत्री झाले तेव्हा त्यांनी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नव्हती. ती १९५२ साली कुलाब्यातून लढवली आणि जिंकली. त्यांच्याच काळात इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली (१९५५) आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं (१९५६). हे विम्याचं काम इतकं गुपचूप केलं की १९ जानेवारी १९५६ ला देशमुखांनी रेडिओवरून घोषणा करेपर्यंत विमा कंपन्यांना सुगावा नव्हता. सरकारी यंत्रणा आतून माहीत असल्याचा फायदा म्हणतात तो हा. अनुभववाल्यांचा मुद्दा इथे शंभर टक्के खरा ठरतो.

पण देशमुखांचं मोठेपण मला त्यानंतरच्या गोष्टीत जास्त दिसतं. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाशी चर्चा न करता जाहीर झाला, असं म्हणत ते सरकारमधून बाहेर पडले. मुंबईतल्या पोलीस गोळीबाराची चौकशी व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभं राहून त्यांनी हे सगळं पंतप्रधानांच्या समोर सांगितलं. वरून आलेला हुकूम पाळण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या अधिकाऱ्याने, निर्णय कोणी घेतला आणि कोणाला विचारून घेतला, असं जाहीर विचारावं, ही साधी गोष्ट नव्हती. हे त्यांना कुठल्याही आयसीएसच्या पुस्तकात शिकवलेलं नसणार.

चौथे टी. टी. कृष्णम्माचारी, म्हणजे टीटीके. मद्रासचे पक्के व्यापारी. १९२८ साली स्वतःची कंपनी काढून साबणासारख्या घरगुती मालाचं वितरण त्यांनी दक्षिणेत उभं केलं. शिवाय घटनेच्या मसुदा समितीचे सदस्य. व्यापारी मंत्री झाला की व्यापाऱ्यांचंच भलं करणार, अशी आपली समजूत असते. टीटीकेंनी उलटच केलं. १९५७ साली त्यांनी संपत्ती कर आणि खर्च कर आणला. व्यापारी वर्गाला हा माणूस परका वाटायला लागला. तेव्हा उद्योजक म्हणजे स्वार्थी, हेही सरसकट खरं नाही.

आणि मग मुंदडा प्रकरण आलं. देशमुखांनी रुजवलेलं आयुर्विमा महामंडळ म्हणजे एलआयसी, अजून वर्षाचंही झालं नव्हतं. जून १९५७ मध्ये एलआयसीने कलकत्त्याच्या हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे साधारण सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. कंपन्या अडचणीतल्या होत्या. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण व्यवहाराआधी तिला विचारलंच नाही. पैसा कोणाचा? तर पॉलिसी काढणाऱ्या मास्तरांचा, कारकुनांचा, गिरणीतल्या जॉबरचा.

हे लोकसभेत लावून धरलं फिरोज गांधींनी. सत्ताधारी पक्षाचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. मंत्रिपद त्यांनी कधी पाहिलं नाही, उद्योगपती तर ते नव्हतेच. वर्तमानपत्राचं व्यवस्थापन पाहिलेला माणूस. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. छागलांनी सुनावणी मुंबईत, सगळ्यांसमोर घेतली. ऐकायला एवढी गर्दी व्हायची की बाहेरच्यांसाठी लाऊडस्पीकर लावावे लागले. आणि हे सगळं महिन्याभरात उरकलं! आजच्या आयोगांना मिळणाऱ्या मुदतवाढी आठवा.

त्या सुनावणीत दोन माणसं प्रामुख्याने जबाब देत होती. एक मंत्री टीटीके, धंद्यातून आलेले. दुसरे त्यांचे अर्थसचिव एच. एम. पटेल, मुरलेले आयसीएस अधिकारी. म्हणजे आपल्या चौकातले दोन्ही फलक एकाच व्यवहारात शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत नको ते झालं. मी मंजुरी दिलीच नव्हती, असं मंत्र्यांचं म्हणणं होतं. छागलांनी त्यावर जे मत दिलं ते आजही प्रत्येक नगरसेवकाने वाचावं असं आहे. सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याचीच, सचिवामागे लपता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. फेब्रुवारी १९५८ मध्ये टीटीकेंनी राजीनामा दिला. (पुढे दोघंही परत आले. टीटीके १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले आणि पटेल १९७७ च्या जनता सरकारात.)

चौघांकडे एकत्र पाहिलं की मला एक गोष्ट ठळक दिसते. माणूस कुठून आला यावरून काही ठरत नाही. त्याला जाब विचारणारं कोणी समोर आहे का, आणि त्याला जाब द्यायची सवय आहे का, यावर बरंचसं ठरतं. एलआयसीचं प्रकरण बाहेर आलं ते मंत्र्याच्या किंवा सचिवाच्या अनुभवामुळे नव्हे. विचारणारा खासदार होता, ऐकणारी लोकसभा होती, दार उघडं ठेवणारा न्यायाधीश होता, म्हणून आलं.

आता दिल्लीतून आपल्या भागात येऊ. वसंतदादा पाटील यांचं शालेय शिक्षण बेताचंच. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेला आणि गोळी लागून जखमी झालेला हा माणूस. ना आयसीएस, ना गिरणीमालक. पण चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांची शाळा कोणती होती? माझ्या मते सांगलीचा सहकारी साखर कारखाना. कारखाना चालवणं हा धंदाच आहे. ऊस, गाळप, उतारा, बँकेचा हप्ता, कामगारांचा पगार, सगळं आलं. पण या धंद्यात मालक म्हणजे हजारो शेतकरी सभासद. वार्षिक सभेत पटकेवाला शेतकरी उठून विचारायचा, शेजारच्या कारखान्याने टनाला जास्त दिला, तुम्ही का नाही? त्याला समजेल अशा भाषेत उत्तर द्यावं लागायचं, कारण पुढच्या निवडणुकीत त्याचंही एक मत आणि चेअरमनचंही एकच मत. धंदा आणि कारभार दोन्ही एकाच जागी शिकवणारी अशी शाळा दुसरी नाही.

त्याच सहकारातून वैकुंठभाई मेहता आले. राज्य सहकारी बँक त्यांनी साडेतीन दशकं सांभाळली आणि नंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही पोस्ट म्हणजे सहकाराची आरती होईल. १९८३ मध्ये मुख्यमंत्री असताना वसंतदादांनी विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आपली पोरं कर्नाटकात पैसे भरून शिकायला जात होती, ती इथेच शिकावीत हा हेतू. त्यामुळे खेड्यापाड्यातली कितीतरी मुलं इंजिनियर झाली, हे कोणी नाकारू नये. आणि त्याच वाटेने डोनेशनही आलं, शिक्षणसम्राटही आले. फरक कुठे पडला? कारखान्याला सभासद होते. संस्थेच्या ट्रस्टला विश्वस्त असतात, चार-पाच घरचेच. फी का वाढली, असं सभेत उठून विचारायला पालक तिथे सभासद नसतो. आणि पुढे कारखान्यांतही अनेक ठिकाणी तेच झालं. सभा पाच मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून गुंडाळल्या जाऊ लागल्या. शाळेची इमारत तीच राहिली, परीक्षा घेणं तेवढं बंद झालं.

उद्योजक उमेदवारांना मी आणखी एक नाव आवर्जून सांगेन. महात्मा फुले. आपण त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतो, पण ते बांधकाम कंत्राटदार होते, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवलं होतं. १८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा विरोधात एकट्या जोतीरावांचं मत पडलं. सरकारी कामं करणाऱ्या माणसाने सरकारच्या सर्वात मोठ्या साहेबाच्या स्वागताला नाही म्हणणं, याला काय लागत असेल, विचार करा.

हे सगळं जुनं उगाळतोय असं वाटेल. तर जवळचं बघा. २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह कितीतरी महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासक राहिले. प्रशासक म्हणजे अनुभवी अधिकारी, त्यांच्या पात्रतेबद्दल शंका नाही. पण प्रशासकच अंदाजपत्रक मांडणार आणि प्रशासकच ते मंजूर करणार. स्थायी समिती नाही, सभागृह नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. आपल्या वॉर्डातला रस्ता तिसऱ्यांदा का खोदला, हे विचारायला आपलं माणूसच नव्हतं. अनुभव भरपूर, विचारणारा कोणी नाही. काय झालं ते तुम्ही रोज खड्ड्यातून गाडी काढताना पाहिलंच आहे.

म्हणून दारात मत मागायला येणाऱ्याला मी आता बायोडाटा विचारणार नाही. उद्योजक असेल तर विचारीन, तुमच्या धंद्यात तुम्हाला नाही म्हणू शकणारं कोण होतं? भागीदार, कामगार संघटना, भागधारक? की सगळा शब्द तुमचाच? पालिकेच्या कंत्राटात तुमचा किंवा घरच्यांचा हिस्सा आहे का? आणि अनुभवी असेल तर विचारीन, सभागृहात तुम्ही विचारलेला एक प्रश्न सांगा, आणि स्वतःच्या पक्षाच्या ठरावाला विरोध केल्याचं एक उदाहरण द्या. इतिवृत्तात नोंद असतेच, शोधता येते.

उत्तर देताना तो चिडला, तर समजून जा. ज्याला दारात जाब देता येत नाही, तो सभागृहात काय देणार? तुमच्या वॉर्डात कोण काय उत्तर देतंय ते खाली जरूर लिहा. नावं टाकू नका, उत्तरं टाका.