एकशे साठ एकरांचा हिशेब



एका कुटुंबाला कोणाच्याही तोंडाकडे न पाहता जगावयाचे असेल, तर त्याला जमीन किती हवी? प्रश्न घरगुती दिसतो. पण अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, एकदा त्याचे उत्तर कायद्यातच लिहून टाकले होते. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात एका कुटुंबाचा वाटा १६० एकर ठरला होता. पाच वर्षे जमिनीवर राहावे, घर बांधावे, जमीन कसावी, की ती आपली. पूर्वेकडच्या भरपूर पावसाच्या मुलुखात हा आकडा मुळीच वावगा नव्हता. घोटाळा झाला तो पश्चिमेकडे सरकताना. आजही त्या देशात संकटकाळाची तरतूद म्हणून शहर सोडावे, यूटा-नेवाडा-ॲरिझोनाकडील ओसाड जमीन स्वस्तात घ्यावी आणि साठविलेल्या धान्यावर व स्वतःच्या मळ्यावर राहावे, असे म्हणणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांचाही पहिला हिशेब बहुधा एकरांचाच असतो. म्हणून ही जुनी हकीकत पुन्हा सांगण्याजोगी आहे.

या हकीकतीतला मुख्य पुरुष जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. तरीही १८६९ साली चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन हा गृहस्थ कोलोरॅडो नदीच्या अज्ञात घळीतून खाली उतरला. शेवटपर्यंत पोहोचले ते सहा जण. पण हे साहस मला त्याच्या पुढच्या कामापुढे लहान वाटते. १८७८ साली त्याने कोरड्या प्रदेशातील जमिनींविषयी सरकारला एक अहवाल दिला. साधारण शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाचा पाऊस वीस इंचांहून कमी, आणि तेवढ्या पावसाच्या भरवशावर शेती करणे धोक्याचे, हे त्यात स्वच्छ सांगितले होते. वीस इंच म्हणजे आपल्या माणदेशासारखा पाऊस. तेव्हा त्याचा अर्थ या सभेला समजावून सांगावयास नको. यूटामध्ये तर ओलिताखाली येऊ शकेल अशी जमीन शेकडा तीनही भरत नाही, असा त्याचा हिशेब होता.

मग त्याने सुचविले काय? ओलिताचे शेत असेल तर एका कुटुंबाला ८० एकर पुरे. ओलित नसेल तर गुरे पाळावी आणि त्यासाठी २५६० एकर द्यावे, त्यांतही वीसेक एकरांना पाणी मिळालेच पाहिजे. म्हणजे १६० हा आकडा एका ठिकाणी दुप्पट, तर दुसऱ्या ठिकाणी सोळावा हिस्सा! शिवाय जमिनीचे चौकोनी तुकडे न पाडता ओढ्यांच्या वळणाप्रमाणे हद्दी आखाव्या, पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडता येऊ नये, आणि निदान नऊ जणांनी एकत्र येऊन वसाहत करावी, अशा त्याच्या सूचना होत्या. नऊ जण! एकट्याच्या स्वावलंबनाचा ज्या देशाला एवढा अभिमान, त्याला हे रुचावे कसे?

पॉवेलने हे हवेत रचले नव्हते. यूटात तो डोळ्यांनी पाहत होता. १८४७ च्या जुलैत ब्रिगॅम यंगच्या नेतृत्वाखाली मॉर्मन पंथाचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. जमीन इतकी कठीण की नांगर चालेना. त्यांनी ओढ्याला बांध घातला, जमीन भिजविली आणि बटाटे लावले. पाऊस तुटपुंजा, पण शेजारच्या वॉसॅच डोंगरावर हिवाळ्यात बर्फ साचते व उन्हाळ्याच्या तोंडी ते वितळून ओढ्यांना येते. सारे रहस्य त्या बर्फात होते. डोंगर नसलेल्या सपाट वाळवंटात याच मंडळींचे काय झाले असते, हे सांगावयास ज्योतिषी नको. मात्र बर्फाचे पाणी एकट्याने शेतावर आणता येत नाही. पाट सर्वांनी खणला. ज्याची जमीन जितकी, तितके त्याचे श्रम. ओढा कोणा एकाच्या मालकीचा नाही आणि पाणी पाळीने मिळावयाचे. घरे एका वस्तीत, शेते वस्तीबाहेर. आपल्याकडचे गावठाण आणि शिवारच म्हणा ना! पांझरेच्या काठची फडपद्धती आणि तिच्यातला पाटकरी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यात काही परके वाटणार नाही. धर्मगुरूंचा अंमल कडक होता आणि ज्याला तो मानवला नाही त्याची तेथे कठीण अवस्था होई, हेही सांगितले पाहिजे. तसेच ती भूमी रिकामी नव्हती. यूट, शोशोनी, पायूट या लोकांची ती होती, आणि पाणी पाटात गेले तेव्हा त्यांचे जगणे हिरावले गेले.

एवढे करूनही १८४८ साली टोळांसारख्या किड्यांनी पीक फस्त केले. त्यातून साठवणीची सवय अंगी बाणली. १८७६ पासून मॉर्मन स्त्रियांच्या संस्थेने गहू साठवावयास घेतला; त्या कोठारांतला दोन लाखांहून अधिक बुशेल गहू १९१८ साली महायुद्धाच्या काळात सरकारला विकण्यात आला. दक्षिणेला ॲरिझोनात होपी लोक तर शतकानुशतके खोल ओलीत मक्याचे दाणे टोचून, पाटाशिवाय पीक काढीत आणि एका वर्षाहून अधिक काळ पुरेल एवढा मका घरात ठेवीत आले होते. पण तेही गावात राहत.

पॉवेलचे कोणी ऐकले नाही. नांगर फिरला की पाऊस त्याच्या मागून येतो, असे सांगणारे विद्वान त्या काळी निघाले होते आणि जमीन विकणाऱ्यांना ते फार प्रिय होते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अवर्षण आले, १८९० नंतरही ते हटले नाही, आणि हजारो कुटुंबे गाड्या जुंपून परत फिरली. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या पाटबंधारे परिषदेत, आहे तेवढ्या जमिनीला पुरेल इतके पाणीच नाही, तुम्ही भांडणांची बीजे पेरीत आहात, असे पॉवेल बोलला, तेव्हा सभेने त्याची हुर्यो केली. पुढल्याच वर्षी त्याने सरकारी भूगर्भखात्याचे संचालकपद सोडले. १९०२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी सरकारने स्वतः धरणे बांधण्याचा कायदा केला. पण १९२२ साली कोलोरॅडोचे पाणी राज्याराज्यांत वाटताना चांगल्या पावसाच्या वर्षांची मापे धरली गेली, आणि २०२१ मध्ये त्या नदीवर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली.

आणि एकटे कुटुंब? त्याच्यासाठी काँग्रेस एकर वाढवीत गेली. १९०९ साली कोरड्या जमिनीवर ३२० एकर दिले. १९१६ साली गुरे पाळणारासाठी ६४० एकर झाले. अहवालाला अडतीस वर्षे लोटली होती, आणि पॉवेलने मागितलेल्या चराऊ जमिनीचा तो बरोबर चौथा हिस्सा होता.